सिगारेट सुटली, जिना सुटेना

ताईंची पहिली नोकरी चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात होती. दिवसभर यंत्रापुढं उभं राहायचं आणि जेवणाची सुट्टी सोडली तर जागेवरून हलायचं नाही. अपवाद फक्त सिगारेट ओढणाऱ्यांचा. मुकादम स्वतः ओढायचा. त्याला एकट्यानं सारखं बाहेर जाणं बरं दिसत नसे, म्हणून तो बाकीच्या ओढणाऱ्यांनाही सोबत न्यायचा. मागच्या अंगणात एक बाक होता. ही मंडळी तिथं जाऊन बसायची आणि न ओढणारे आत त्यांच्या वाटचं काम ओढायचे. ताईंनी काही महिने हे पाहिलं. मग एक दिवस शेजारच्या यंत्रावरच्या बाईकडून एक सिगारेट मागून घेतली आणि बाकावर जाऊन बसल्या.

पुढं कुणी विचारलं की त्या सांगायच्या, "मला सिगारेट नकोच होती. मला बसायचं होतं."

कारखाना सुटला, सिगारेट राहिली. लग्न ठरताना त्यांनी ही गोष्ट होणाऱ्या नवऱ्याच्या कानावर घातली. तो पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला होता, स्वतः ओढत नव्हता. त्यानं तोंड वाकडं केलं, पण लग्न मोडलं नाही. "अण्णांना तेवढं कळू देऊ नकोस," इतकंच बजावलं.

अण्णा म्हणजे त्याचे वडील. जन्मभर लोकांच्या घरांत फरश्या बसवल्या, त्यात गुडघ्यांची वाट लागली, तेव्हा काम सोडून घरी बसले होते. सासूबाई लग्नाच्या आधीच गेल्या होत्या. अण्णा घरात बोलायचे ते मोजकंच. जेवताना "मीठ" म्हणायचे, दार वाजलं की "कोण?" म्हणायचे. नवी सून आल्यानं त्यात काही भर पडली नाही.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून लोखंडी जिना खाली अंगणात उतरायचा, आणि दाराबाहेर दोन माणसं जेमतेम बसतील एवढी जागा होती. लग्नानंतर थोड्याच दिवसांत, एका दुपारी, अण्णा झोपलेत अशी खात्री करून ताई तिथं उभ्या राहिल्या. अर्धी सिगारेट झाली असेल नसेल, तोच मागचं दार उघडलं. ताईंनी हात पाठीमागं नेला. धूर पाठीमागून वर यायला लागला. अण्णांनी धुराकडं पाहिलं, मग खाली अंगणाकडं पाहिलं, मग स्वतःचे खिसे चाचपले.

"काडी आहे का?" ते म्हणाले.

ताईंनी काडेपेटी पुढं केली. अण्णांनी सदऱ्याच्या आतून एक चपटं पाकीट काढलं, सिगारेट पेटवली आणि कठड्याला टेकून पहिला झुरका घेतला. मग म्हणाले, "बायको गेली तेव्हा सोडली असं मी त्याला सांगून ठेवलंय. तू काही बोलू नकोस."

"तुम्हीही बोलू नका," ताई म्हणाल्या.

झालं, अळीमिळी गुपचिळी. ती पंधरा दिवसही टिकली नाही, कारण घरात एकदम दुप्पट वास यायला लागला आणि मुलाला नाक होतं. त्यानं दोघांनाही समोर बसवून खूप सुनावलं. मग हात टेकले. पुढं कामावरून आला आणि घरात कुणी दिसलं नाही, की तो मागच्या दाराकडं तोंड करून विचारायचा, "काय, बैठक बसली का?"

बैठक रोज बसायची. जिन्यावर दोन उलटे डबे ठेवलेले होते. घरात तोंडात मिठाची गुळणी धरून बसणारे अण्णा त्या डब्यावर बसले की वेगळेच व्हायचे. कुठल्या घरमालकानं कशी फसवणूक केली, कुठल्या दिवाणखान्यात त्यांनी इतकी सरळ फरशी बसवली की मालकीणबाईंनी खुर्च्या ठेवायलाच नकार दिला, सासूबाईंच्या आजारपणात शेवटी काय झालं, हे सगळं ताईंना तिथंच कळलं. ताईही बोलायच्या. मूल होत नव्हतं त्या दिवसांत, डॉक्टरकडून आल्यावर नवऱ्याआधी त्यांनी अण्णांना सांगितलं होतं. अण्णांनी काही सल्ला दिला नव्हता. आपल्या पाकिटातली एक सिगारेट पुढं केली होती.

अशी कित्येक वर्षं गेली.

ताई एव्हाना बाजारातल्या एका चष्म्याच्या दुकानात होत्या. डोळे तपासायला डॉक्टर यायचे, हिशेब आणि गल्ला मालक बघायचे, आणि तयार झालेला चष्मा गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर बसवून द्यायचं काम ताईंचं. वरवर किरकोळ वाटणारं हे काम फार नाजूक असतं. कुणाचा एक कान वर, एक खाली. कुणाचं नाक मधेच वळलेलं. गरम हवेच्या यंत्रावर काडी मऊ करायची, कानामागं वाकवायची, नाकावरचे पॅड चिमट्यानं आत-बाहेर करायचे, पुन्हा लावून बघायचं. ताईंनी बसवलेला चष्मा नाकावरून घसरत नसे. लांबच्या वस्तीतली माणसंही दुसरीकडं घेतलेली फ्रेम त्यांच्याकडून सरळ करून न्यायची, आणि मालक कुरकुरत का होईना, करू द्यायचे.

या कामात हात सतत लोकांच्या नाकाशी. ताईंना याची जाणीव होती. जिन्यावरून किंवा दुकानाच्या मागच्या गल्लीतून आल्या की दोनदा साबणानं हात धुवायच्या, तोंडात पेपरमिंट टाकायच्या. आपल्या हाताला साबणाचा वास येतो अशी त्यांची समजूत होती.

एक दिवस एका बाईंनी आपल्या सहा-सात वर्षांच्या मुलीला आणलं. पहिलाच चष्मा. ताई तिच्यासमोर वाकल्या आणि काड्या कानांवर ठेवल्या. मुलीनं तोंड एका बाजूला फिरवलं. ताईंनी हनुवटी धरून सरळ केलं, तिनं पुन्हा फिरवलं.

"अगं, नीट बस," आई म्हणाली.

"यांच्या हातांना जळल्याचा वास येतो," मुलगी म्हणाली. तक्रारीच्या सुरात नाही, नुसती माहिती दिल्यासारखी.

आईला कुठं तोंड लपवू असं झालं. ताई हसल्या, म्हणाल्या, "यंत्र गरम असतं ना बाळा, त्याचा असेल." मुलीनं श्वास रोखून धरला आणि डोळे घट्ट मिटले. अशा चेहऱ्यावर चष्मा बसत नाही. तो वाकडा बसला. दोन दिवसांनी मायलेकी परत आल्या, तेव्हा मुलीनं दारातच सांगितलं, "त्या नकोत." मग मालकांनी स्वतः चष्मा बसवून दिला. मालकांचा हात जड होता. एक पॅड जास्तच आत गेला, मुलीच्या नाकावर लाल व्रण उठला. ताई काउंटरच्या पलीकडून बघत होत्या. आपल्या हातून हे दोन मिनिटांत झालं असतं हे त्यांना दिसत होतं, आणि पुढं होता येत नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यांनी पाकीट कचऱ्यात टाकलं. अण्णांना म्हणाल्या, "मी आजपासून बंद."

"बरं," अण्णा म्हणाले.

कुणाला विचारणं नाही, काही तयारी नाही. आपण काय लहान आहोत का, ठरवलं की होतंय, असा त्यांचा हिशेब. पहिला दिवस निव्वळ रागावर निघाला. नंतर हात थरथरायला लागले. स्क्रूच्या खाचेत पेचकस बसेना. एका वयस्कर गिऱ्हाइकाला त्या फटकन म्हणाल्या, "तुमचं नाकच वाकडं आहे, फ्रेम काय करणार?" मालकांनी आत बोलावून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. घरी नवऱ्यानं पाण्याचा तांब्या जरा जोरात ठेवला तरी त्यांच्या मस्तकात तिडीक जायची. आठवडाही पुरा झाला नाही. एका संध्याकाळी त्या मागचं दार उघडून जिन्यावर गेल्या आणि आपल्या डब्यावर बसल्या. अण्णांनी पाकीट पुढं केलं.

दुसऱ्या खेपेला त्यांनी औषधाच्या दुकानातून निकोटिनचं च्युइंगम आणलं. वेष्टणावरची बारीक अक्षरं वाचायच्या फंदात त्या पडल्या नाहीत. साध्या च्युइंगमसारखं कराकरा चावलं. घसा जळजळला, उचक्या लागल्या त्या थांबेनात, आणि गिऱ्हाइकासमोर उचक्या देत चष्मा बसवणं काही जमेना. "असली थेरं आपल्याला नकोत," म्हणून त्यांनी पाकीट खणात टाकून दिलं.

दुकानात एक गृहस्थ नेहमी यायचे. जाडजूड, हसतमुख. ते आपल्या चष्म्यावर बसायचे. खुर्चीवर चष्मा काढून ठेवायचा आणि त्यावरच बसायचं, हा त्यांचा कायमचा कार्यक्रम. दर दोन-तीन महिन्यांनी चपटी झालेली फ्रेम रुमालात गुंडाळून आणायचे आणि ताईंपुढं उघडून दाखवायचे. दुकानात त्यांचं नाव बसकेसाहेब पडलं होतं, आणि ते त्यांनाही ठाऊक असावं.

ताईंना खोकला झाला. आठवडे गेले तरी हटेना, तेव्हा त्या घराजवळच्या आरोग्य केंद्रात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, औषध दिलं, सिगारेटचं विचारलं आणि म्हणाल्या, "शेजारच्या खोलीत जाऊन या. बोलायला काही पैसे पडत नाहीत." ताईंना वाटलं, आता भिंतीवर काळ्या फुप्फुसांची चित्रं असणार आणि कुणीतरी भाषण देणार. त्या दार ढकलून आत गेल्या तर टेबलामागं बसकेसाहेब. चष्म्याची एक काडी चिकटपट्टीनं जोडलेली.

"तुम्ही इथं?" ताई म्हणाल्या.

"मी इथंच असतो. लोकांच्या सवयी सोडवतो," ते म्हणाले, आणि चष्मा काढून हातात घेतला. "या काडीकडं बघू नका. ही काल मोडली."

ताई मोठ्यानं हसल्या, हसता हसता खोकल्या. भाषणाची भीती तिथंच गेली.

त्यांनी भाषण दिलंही नाही. प्रश्न विचारले. दिवसातली पहिली सिगारेट उठल्यावर किती वेळानं? कोणती सोडणं सगळ्यात जड जाईल? आधी काय करून पाहिलं? ताईंनी दोन्ही खेपांची हकिगत सांगितली. च्युइंगमचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला नाही, फक्त म्हणाले, "ते हळू चावायचं असतं. तोंडात झणझणलं की चावणं थांबवून गालात ठेवून द्यायचं. झणझण गेली की पुन्हा थोडं. तुम्ही ते सुपारीसारखं फोडलंत." मग त्यांनी टेबलावर एकेक गोष्ट मांडून दाखवली. दंडाला लावायची पट्टी, ती दिवसभर शरीराला थोडं थोडं निकोटिन पुरवते. अचानक तलफ आली तर वरून च्युइंगम किंवा चघळायची गोळी. डॉक्टरांनी लिहून द्यायच्या वेगळ्या गोळ्याही असतात, त्या सिगारेट चालू असतानाच सुरू करतात. एक फोन नंबर, त्यावर कुणीतरी बोलायला असतं. आणि शनिवारी दुपारी याच इमारतीत सोडणाऱ्यांची बैठक.

बैठक हा शब्द ऐकून ताईंच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं असावं. "काय झालं?" त्यांनी विचारलं.

मग ताईंनी जिना सांगितला. अण्णा, डबे, सगळं.

"सिगारेट नसती तर तुम्ही त्या जिन्यावर गेला असता का?" त्यांनी विचारलं.

"कशाला?"

"अण्णांशी बोलायला."

"घरात ते बोलत नाहीत हो," ताई म्हणाल्या.

"मग औषध धुरावर चालेल. जिन्याचं काय करायचं ते तुम्हाला बघावं लागेल," ते म्हणाले. "पहिले काही दिवस मात्र तिकडं फिरकू नका."

डॉक्टरीणबाईंशी बोलून पट्टी आणि च्युइंगम दोन्ही ठरलं. सिगारेट बंद करायचा एक दिवस नक्की केला. त्याआधी ताईंनी घरातल्या राखेच्या वाट्या धुऊन काढल्या, पडदे धुतले, कोट धुवायला टाकला. मालकांना सांगितलं की काही दिवस माझं डोकं फिरलेलं असेल, तेव्हा मला कडक कॉफी देऊ नका आणि मागच्या गल्लीत पाठवू नका. मालक म्हणाले, "कॉफी मी कधी दिलीय?" आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारी स्वतः लिंबूपाणी करायला लागले. लिंबूपाण्यासारख्या आंबटानंतर लगेच च्युइंगम लागू पडत नाही हे ताईंना माहीत झालं होतं, पण त्यांनी मालकांचं मन मोडलं नाही. थोडं थांबून खायच्या.

या खेपेला गाडं पुढं सरकलं. पट्टीनं हाताची थरथर बरीच आवरली. तलफ यायची, पण आधीसारखी मानगुटीवर बसायची नाही. पाच मिनिटं काहीतरी करायचं, काचा पुसायच्या, खण आवरायचा, तेवढ्यात ती निघून जायची. पहिल्या आठवड्यात रात्रभर पट्टी ठेवल्यावर चित्रविचित्र स्वप्नं पडली, तेव्हा फोनवरच्या बाईंच्या सल्ल्यानं त्या झोपताना ती काढून ठेवायला लागल्या.

बिघडलं ते घरात. ताई जिन्यावर जायच्या बंद झाल्या आणि अण्णांचं बोलणं पार आटलं. अण्णा एकटेच बाहेर जायचे, लवकर परत यायचे. जेवायला बसले की ताटाकडं बघायचे. ताईंनी काही विचारलं तर "हो", "नाही". एकदा ताईंनी मुद्दाम दिवाणखान्यात त्यांच्यासमोर खुर्ची ओढून घेतली आणि म्हणाल्या, "काय म्हणताय अण्णा?" अण्णा दचकले. "काही नाही. का?" म्हणाले आणि उठून गेले.

"तुमचं भांडण झालंय का?" नवऱ्यानं विचारलं.

"नाही हो."

"मग दोघंही फुगून का बसलात?"

फुगलं कुणीच नव्हतं. दोघांना एकमेकांशी बोलायची जी एकमेव जागा ठाऊक होती, ती गेली होती. अण्णांचं जेवण कमी झालं. ताईंना ते दिसत होतं आणि मनात चोरट्यासारखा विचार यायचा, एकदाच बसावं जाऊन. एका सिगारेटनं काय होतंय.

आणि एक दिवस त्या बसल्या. दुकानात मालकांशी वाजलं होतं, पाऊल आपोआप मागच्या दाराकडं वळलं. अण्णांनी पाकीट पुढं केलं नाही. ताईंनीच त्यातून एक काढली. अण्णा म्हणाले, "अगं…" आणि थांबले. सिगारेट कडू लागली, डोकं गरगरलं. तरी त्यांनी ती पूर्ण ओढली. त्या अर्ध्या तासात अण्णा खालच्या मजल्यावरच्या गळक्या मोरीबद्दल भरभरून बोलले.

दुसऱ्या दिवशी दुकानात काचा घासायच्या खोलीचं दार लावून ताईंनी फोन केला. "सगळं मातीत घातलं," म्हणाल्या.

"किती ओढल्या?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"एक."

"मग एकच झाली. पट्टी चालू ठेवा. कुठं ओढलीत?"

ताईंनी सांगितलं. मग त्या बाई म्हणाल्या, "सासऱ्यांच्या हाताला दुसरं काही काम देता येईल का? तुमच्या दोघांच्याही हाताला?"

ताई त्यावर चार दिवस विचार करत होत्या. स्वयंपाकघरात मोरीच्या वरची भिंत वर्षानुवर्षं पोपडे धरून होती. जन्मभर लोकांची घरं नटवणाऱ्या माणसाच्या घरात ती तशीच राहिली होती. आधी वेळ नव्हता, नंतर गुडघे नव्हते. रविवारी सकाळी ताई पांढऱ्या टाइल्सचे खोके घेऊन आल्या आणि जमिनीवर ठेवले.

"हे कुणासाठी?" अण्णांनी विचारलं.

"या भिंतीसाठी. मी बसवणार."

"तू?"

"तुम्ही सांगा, मी बसवते."

अण्णांनी एक टाइल उचलून डोळ्यासमोर आडवी धरली. "कुणी दिली ही? बाक आहे हिला."

"मग बदलून आणू?"

"राहू दे. सिमेंटचा माल जाड घेऊ खाली."

त्यांनी पलंगाखालून हत्यारांची पेटी ओढून काढली. थापी गंजली होती, सपाटी बघायच्या पाणसळीचा बुडबुडा अजून शाबूत होता. ते स्टुलावर बसले आणि सांगायला लागले, ताई लावायला लागल्या. पहिली ओळ लावून झाली. अण्णांनी बोटाच्या पेरानं एकेक टाइल ठोकून ऐकली. "ही पोकळ वाजतेय. काढ." ताईंनी काढली. दुसरीही काढावी लागली. तिसरीला अण्णांचा धीर सुटला, त्यांनी बाह्या वर केल्या आणि उभं राहून स्वतः माल ओढायला लागले. भिंतीचं काम होतं, गुडघ्यावर बसायची गरज नव्हती. हे त्यांच्या इतक्या वर्षांत लक्षात कसं आलं नाही, हे नवऱ्यानं नंतर विचारलं.

काम रोज संध्याकाळी थोडं थोडं चालायचं. हात कोपरापर्यंत मालानं भरलेले, त्यामुळं खिशात हात घालता येत नसे. आणि बोलणं सुरू झालं. कोणत्या उस्तादानं अण्णांच्या पाठीत थापी घातली होती, सासूबाईंनी पहिल्या पगारात काय मागितलं होतं. ताईंनी ऐकलेल्याच काही गोष्टी होत्या, काही नव्या होत्या. नवरा कामावरून आला की दारात उभा राहून बघायचा. एकदा म्हणाला, "मी पण काही लावू का?" अण्णा म्हणाले, "तू पाणी आण."

भिंत झाली. तिसरी ओळ थोडी उतरती आहे, ती ताईंनी अण्णा गुडघे दाखवायला दवाखान्यात गेलेले असताना एकटीनं लावली होती. अण्णांनी ती काढायला लावली नाही. मोरीनंतर त्यांनी न्हाणीघर हाती घेतलं.

दरम्यान ताईंच्या पट्ट्या लहान होत गेल्या आणि मग संपल्या. च्युइंगम बराच काळ पर्समध्ये राहिलं. वजन वाढलं, दोन ब्लाउज उसवून सैल करावे लागले. खोकला आधी वाढला आणि मग गेला. शनिवारच्या बैठकीला त्या जायच्या. तिथं एक बस-कंडक्टर होता, एक शिक्षिका होती, एक जोडपं होतं ते आळीपाळीनं सोडायचं आणि एकमेकांमुळं पुन्हा सुरू करायचं. एका शनिवारी अण्णा म्हणाले, "तुझ्या त्या बैठकीत असतं तरी काय? बघू तरी."

ते आले आणि त्यांना ती आवडली. माणसं होती, बोलत होती, खुर्च्या बऱ्या होत्या. त्यांनी सिगारेट सोडली नाही. पट्टी दाखवल्यावर म्हणाले, "माणूस काय फुटका नळ आहे, चिकटपट्टी लावून थांबायला?" तरी दर शनिवारी सगळ्यांच्या आधी जाऊन बसायचे. शिक्षिकेनं एकदा दबक्या आवाजात विचारलं, हे आजोबा सोडणार नसतील तर येतात कशाला. बसकेसाहेब म्हणाले, "येतात हे काय कमी आहे?" अण्णांच्या सिगारेटी दिवसाला दोनवर आल्या होत्या. तेही कुणी सांगितलं म्हणून नव्हे, हात मोकळे नसल्यामुळं.

दोन हिवाळ्यांनंतर अण्णांना छातीचा त्रास झाला आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथं ओढायची सोय नव्हती. हृदयाची तपासणी करून डॉक्टरांनी पट्टी लावली, तेव्हा ते काही बोलले नाहीत. घरी आल्यावरही दंड पुढं करायचे. त्या पट्ट्या संपल्यावर सदऱ्याच्या आतलं चपटं पाकीट कुठं गेलं हे ताईंनी विचारलं नाही. श्वास काही पूर्वीसारखा झाला नाही. जिने चढताना दर मजल्यावर थांबावं लागायचं. डॉक्टर म्हणाले, झालेलं नुकसान भरून येणार नाही, पुढचं टळेल.

ताई अजून त्याच दुकानात आहेत. गल्लीत कुणी पेटवली की पाऊल क्षणभर रेंगाळतं, हे त्या मोकळेपणानं सांगतात. बसकेसाहेबांना त्यांनी गळ्यात अडकवायची दोरी दिली, त्यानंतर ते एकदाच चष्म्यावर बसले. दोरीसकट.

मागच्या महिन्यात बैठकीला एक नवा माणूस आला. ट्रकवर होता, गप्प, टोपी हातात फिरवत होता. त्यानं सगळ्यात म्हातारं माणूस बघून अण्णांनाच विचारलं, "आजोबा, तुम्ही कशी सोडली?"

"मी कुठं सोडली?" अण्णा म्हणाले. "हिनं सोडली. मी हिच्या सोबतीला आलो होतो."

ताई म्हणाल्या, "तसं नाही हो. यांना दवाखान्यात—"

"तू थांब," अण्णा म्हणाले, आणि त्या माणसाकडं वळले. "घरी कोण कोण असतं तुमच्या? तुम्ही ओढता तेव्हा शेजारी कोण बसतं?"

त्या माणसानं टोपी गुडघ्यावर ठेवली आणि सांगायला लागला.